बत्तीस हजार घरांचा कारभारी

आक्काचं म्हणणं असं होतं, की मशीन चांगलं आहे, त्याचा कारभारी वाईट आहे.

हे ती मला हुपरीच्या तिच्या घरी भाकरी थापताना सांगत होती. मी दर रविवारी कोल्हापुरातून एसटीनं तिच्याकडं जेवायला जात असे. आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन ती चांदीच्या कारागिरांच्या घरात गेली, पण नोकरी तिनं सोडली नाही. कोल्हापुरातल्या मुलींच्या एका शाळेत ती गणित शिकवायची आणि रोज बसनं ये-जा करायची. तिला जाऊन आता वर्ष होत आलं. भेटणारे लोक तिच्या आजारपणाचं विचारतात, आणि मी दोन वाक्यांत उत्तर देतो. मला सांगावंसं वाटतं ते दुसरंच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकदा दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आक्का आणि मी मिळून एका जुन्या मशीनसाठी ऑपरेटिंग सिस्टीम करायला बसलो होतो. तेवढ्या आनंदात मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि स्वतःलाही नाही.

मशीनं तिच्या शाळेतली. ऐंशीच्या दशकात एका योजनेतून काही शाळांना कॉम्प्युटर मिळाले होते, त्यातले सहा. दिसायला एक जाड कीबोर्ड, बाकी काही नाही. तो टीव्हीला जोडायचा, आणि एका बाजूला टेपरेकॉर्डर. प्रोग्रॅम गाण्याच्या कॅसेटमध्ये साठवलेले असत. त्याचं प्रशिक्षण घ्यायला शाळेतून एकटी आक्का गेली होती. मशीनं आली, हार घातले गेले, फोटो निघाला. पुढं पडद्यावर इंग्रजी हुकूम लिहायचे आणि चुकलं की इंग्रजीतच बोलणी खायची, याला मुली कंटाळल्या. मग नव्या पद्धतीचे कॉम्प्युटर बाजारात आले, अभ्यासक्रम बदलला आणि खोलीला कुलूप लागलं. आक्का मधल्या सुट्टीत तिथं जाऊन धूळ पुसायची.

त्या वर्षी शाळेच्या मुख्याध्यापिकेनं, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, आक्काला बोलावून सांगितलं की मशीनं भंगारात काढायची आहेत. आक्कानं मुदत मागितली. मोठ्या बाई काही दुष्ट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "गॅदरिंगच्या दिवशी प्रदर्शन असतं. त्या दिवशी सहाच्या सहा मशीनं सकाळपासून शाळा सुटेपर्यंत चालवून दाखवा. तुम्ही नाही, मुलींनी चालवायची. मधे बंद पडली तर मला पुन्हा विचारू नका."

आक्कानं ती अट मला भाकरी उलटता उलटता सांगितली आणि वर म्हणाली, "जमंल की. फक्त कारभारी बदलायला पायजे."

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय हे मला तिनं तिथंच समजावलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारा माणूस. मशीनमध्ये मेमरी असते, तिच्यात बत्तीस हजार आणि वर काही घरं असतात, एका घरात एक अक्षर मावतं. कुणाला किती घरं द्यायची, कुणाकडून परत घ्यायची, कॅसेटवरून काय उचलायचं, पडद्यावर काय दाखवायचं, आलेल्याशी कसं बोलायचं, हे सगळं जो बघतो तो कारभारी. आताचा कारभारी परदेशी आहे, तुसडा आहे आणि मराठी शिकायला तयार नाही.

"मग आपण मराठी कारभारी करायचा," मी म्हणालो.

सोप्यात बसून पैंजणाला कड्या लावणारे दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, तिथनंच बोलले, "घरात एक कारभारी हाय न्हवं? त्याला दोन वक्ताला खायाला घालताय तेवढं बास की. दुसरा कशाला आनि?"

"ह्यो बिनपगारी हाय," आक्का म्हणाली.

"मग आमाला काय पगार हाय व्हय?"

मोठ्या बाईंची परवानगी घेऊन आम्ही एक मशीन हुपरीला नेलं. मशीन माझ्या मांडीवर, टेपरेकॉर्डर आक्काच्या. कंडक्टरनं वाकून पाहिलं. "पावणं, ह्ये काय हाय? टायपिंग व्हय?"

"कॉम्प्युटर आहे," मी म्हणालो.

"आनि टीव्ही कुठाय त्याचा?"

"घरी आहे."

"मग निम्माच हाय म्हना की," असं म्हणून त्यानं सामानाचं तिकीट न फाडताच घंटी वाजवली. आक्का गावापर्यंत खिडकीकडं तोंड करून हसत होती.

आराखडा आम्ही कागदावर केला नाही. कागद पुरलाच नसता. दाजींच्या कामाच्या खोलीत शहाबादी फरशी होती. रविवारी दाजी काम घेऊन सोप्यात बसत, तेव्हा ती रिकामी असे. आक्कानं तिथं एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत खडूनं लांब पट्टा आखला. तो पट्टा म्हणजे मेमरी. एका टोकाला पडद्यासाठी लागणारी जागा, ती मशीनचीच, तिला हात लावायचा नाही. दुसऱ्या टोकाला कारभारी, तो कायम वस्तीला. मधली मोकळी जागा कामांसाठी: लिहायचं पान, गणित, चित्र, शब्दकोश. काम हवं तेव्हा कॅसेटवरून आत घ्यायचं, संपलं की घालवायचं. पण कोणतं काम किती मोठं, दोन एकदम कशी बसतील, हे डोळ्यांना दिसावं म्हणून आक्कानं दाजींच्या डब्यातल्या वस्तू घेऊन पट्ट्यावर मांडल्या. चांदीची पट्टी म्हणजे लिहायचं पान, कड्यांची साखळी म्हणजे शब्दकोश, घुंगरं म्हणजे सुटी अक्षरं. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून त्या सरकवत होतो. माझी पन्नाशी जवळ आली होती, आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.

दाजी दारात येऊन उभे राहिले. "मास्तरीणबाई, वजन करून दिल्याली न्हाय ती चांदी. वजन करून परत घेनार बघा मी."

आक्काचा हात थांबला. माझ्याकडं पाहून ती म्हणाली, "अरे, असंच करायचं."

हुपरीत पैंजण एका घरात पुरं होत नाही. एका घरी तार ओढतात, दुसरीकडं कड्या जुळवतात, तिसरीकडं घुंगरं बसतात, चौथीकडं चकाकी. चांदी या दारातून त्या दारात जाते आणि प्रत्येक दारात काट्यावर चढते. दिली किती, आली किती. आक्का तीसएक वर्षं त्या घरात राहून हे रोज बघत होती. तिनं तोच नियम कारभाऱ्याला लावला. कोणत्याही कामानं मेमरी मागितली की कारभाऱ्यानं मोजून द्यायची आणि काम संपलं की मोजून घ्यायची. कोणी आपल्या मनानं दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही. हे सांगताना ती उठून खोलीभर फिरायला लागली. मधे खडूची रेघ पायाखाली पुसली जात होती, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. म्हणाली, "आनि मुलींना दिसलं पायजे किती उरलंय त्ये. पडद्याच्या वरच्या कडेला घुंगरांची वळ काढू. मेमरी घेतली की घुंगरं कमी, परत केली की पुन्ना भरली."

मी म्हणालो, "थोडी इकडंतिकडं झाली तर?"

"घट धरायची की थोडी. चांदीत बी धरतातच."

घट म्हणजे कामात झिजून, घासून उडालेली चांदी. काट्यावर चिमूटभर कमी भरली तर कारागिराला कोणी धारेवर धरत नाही. कोणत्या कामाला कुठली घरं दिली याची खूणचिठ्ठी ठेवायला थोडी घरं लागत, ती परत घ्यायची म्हटलं तर कारभाऱ्याचं काम फार वाढत होतं. ती घट म्हणून सोडून द्यायची असं ठरलं. दाजींनी मान डोलावली. मला तर काही गैर वाटायचं कारणच नव्हतं.

माझ्याकडं काम होतं कारभाऱ्याच्या बोलण्याचं. आधी वाटलं, ते सोपं. मग लक्षात आलं की तो मुलीला तू म्हणेल का तुम्ही, हेच ठरत नाही. मी पहिल्यांदा लिहून नेलं होतं, 'कृपया आपले नाव टंकित करावे.' आक्कानं वाचलं आणि म्हणाली, "ह्यो कुठल्या हापिसातला?" मी बदलून 'तुमचे नाव लिहा' केलं. तेही तिला सरकारी वाटलं. दोन रविवार आमचा वाद चालला. शेवटी तिनं विचारलं, "आपण लहान असताना मी तुला अभ्यासाला बसवायची, तवा काय म्हणायची?" मी म्हणालो, 'बघू, काय केलंस.' ती म्हणाली, मग तेच लिही. तिथून कारभारी पुरुष राहिला नाही. तो मोठ्या बहिणीसारखा बोलायला लागला. चुकलं की पडद्यावर 'चूक' येत नसे, 'परत एकदा बघ' येई. कॅसेट नीट वाचली गेली नाही तर 'टेप जरा मागं घे. मला ऐकू आलं नाही.' अशी चाळीसभर वाक्यं आम्ही घडवली. जागा इतकी कमी, की एकेक शब्द तासून बसवावा लागे. एका ओळीतला 'कृपया' काढून आम्ही अख्खं 'शाब्बास' बसवलं, त्या दिवशी आक्कानं गोड शिरा केला.

मराठी अक्षरं मशीनमध्ये नव्हतीच. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत तिनं एकेक अक्षर भरलं. ळ तिला सगळ्यांत जड गेला. काही जोडाक्षरं सोडून द्यावी लागली, त्यावर मी फुरंगटून बसलो होतो. 'ज्ञ' नसलेली मराठी मला बघवेना. आक्का म्हणाली, "पोरी ज्ञानी होतील तवा घालू ज्ञ." मग पुढच्याच रविवारी तिनं कुठूनतरी आठ घरं वाचवून तो बसवला. मला दाखवायला ती टीव्हीसमोरून बाजूला झाली.

कारभारी मशीनला थेट कळणाऱ्या आकड्यांत लिहावा लागत होता. आक्का आधी सगळं हातानं आकड्यांत उतरवायची. मग मी तो आकड्यांचा ताव हातात धरून वाचायचो आणि ती टाइप करायची. एकशे एकोणसत्तर, शून्य, एकशे एक्केचाळीस. आवाज सपाट राहिला तर ती चुकायची, म्हणून मी पाढ्यांसारखा सूर लावायला लागलो. शेजारच्या काकूंनी एकदा दाजींना विचारलं, "तुमच्यात काय पारायण बसलंय व्हय?"

"व्हय," दाजी म्हणाले, "एक आकडा चुकला की देव पावत न्हाय, आनि दोगंबी पयल्यापासनं सुरू करत्यात."

ते खरंच होतं. पण ज्या दिवशी पडद्यावर वरच्या कडेला पहिल्यांदा घुंगरांची पुरी ओळ उमटली आणि खाली 'ये. काय करूया?' असं आलं, त्या दिवशी दाजी कड्या टाकून आत आले. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "मलाच इचारतंय व्हय?"

प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी आम्ही खरी चाचणी घेतली. गल्लीतल्या दहा-बारा मुली बोलावल्या. एकेक बसायची, नाव लिहायची, शब्दकोशात शब्द बघायची, चित्र काढायची, उठायची. आक्का मागं हात बांधून उभी. सगळं सुरळीत चाललं होतं. मुलगी उठली की घुंगरं परत भरत, मात्र शेवटचं एखादं राहून जाई. मी ते पाहिलं, आक्कानंही पाहिलं. दाजी म्हणाले, "एवडी घट व्हायचीच." आम्ही तिघांनीही ते मान्य केलं. दुपारच्या जेवणापर्यंत ओळीत तीनच घुंगरं उरली होती, आणि एका मुलीनं चित्र मागितल्याबरोबर मशीन जागच्या जागी थिजलं. बटण दाबावं तर काही नाही. बंद करून पुन्हा कॅसेट लावावी लागली.

मुलींना घरी पाठवून आक्का बसून राहिली. पाच दिवस उरले होते. मी म्हणालो, मेमरी पुरत नाही, शब्दकोश काढून टाकू. तिनं टीव्ही बंद केला. संध्याकाळी तिनं सवयीनं झाडू घेतला आणि कामाची खोली झाडायला लागली. हुपरीत चांदीकाम होतं त्या खोलीतला कचरा कोणी बाहेर टाकत नाही. जमिनीवर पडलेला कीस, घासलेली पूड, सगळं झाडून एका डब्यात साठवतात आणि पुढं ते जाळून-धुऊन त्यातली चांदी परत काढतात. मी सुपली धरून बसलो होतो. आक्कानं सुपलीत केर लोटला आणि झाडू हातात तसाच धरून उभी राहिली.

"घट माफ करायची," ती म्हणाली, "पण झाडायचं कुणी?"

मला कळलं नाही.

"अरे, चांदीत घट चालती, कारण सांजच्याला ती झाडून परत मिळती. आपण घट धरली आनि झाडूच ठेवला न्हाय."

दाजी बाहेरून म्हणाले, "मंजे आमची रीत निम्मीच उचलली तुमी."

"निम्मी उचलली," आक्का म्हणाली, आणि ती इतकी खूश झाली होती की झाडू माझ्या हातात देऊन टीव्ही लावायला गेली.

खूणचिठ्ठ्या एकेक करून परत घेणं जड होतं. पण सगळी कामं बाहेर गेली असताना एकदम सगळा पट्टा झाडणं सोपं. कारभाऱ्यात तिनं ते बसवलं. कोणाकडंच काही दिलेलं नसेल तेव्हा तो झाडणार. आक्का त्या आठवड्यात रोज शाळेतून आल्यावर बसायची. मी रजा काढून हुपरीत राहिलो आणि आकडे म्हणत गेलो. झाडत असताना पडद्यावर काय दाखवायचं ते मी लिहिलं: 'झाडून घेते. जरा थांब.'

प्रदर्शनाच्या दिवशी सहा मशीनं, त्यांचे सहा टीव्ही, शेजाऱ्यांकडून मागून आणलेले टेपरेकॉर्डर आणि खोलीबाहेर मुलींची रांग. आक्कानं नवी साडी नेसली होती आणि सारखी ती पोटाशी खोचत होती. मी पाहुणा म्हणून कोपऱ्यात. पहिल्या दोन तासांत मला वाटलं, जिंकलो. मुली आपसात भांडत होत्या, चित्रं एकमेकींना दाखवत होत्या, एकीनं टेपरेकॉर्डरशी बोलावं तसं कारभाऱ्याला मोठ्यानं उत्तर दिलं. मग मी घुंगरं पाहिली. ती कमी होत होती आणि भरत नव्हती. हुपरीत मुली एकेक करून येत-जात होत्या, मधे रिकामा वेळ होता. इथं एका मशीनपुढं दोघी-तिघी, एकीचं पान परत जायच्या आत दुसरी शब्दकोश उघडून बसत होती. काम कधी पूर्ण बाहेर जातच नव्हतं, म्हणून झाडायला सवडच मिळत नव्हती.

मी आक्काकडं पाहिलं. तिनं ते आधीच पाहिलं होतं. दुपार कलली होती, दोन मशीनांवर चारच घुंगरं होती. तिनं टाळी वाजवली. "सगळ्यांनी काम परत द्या. हात मांडीवर."

"बाई, माझं चित्र ऱ्हायलंय," एक मुलगी म्हणाली.

"चित्र कॅसेटवर जाऊ दे. झाडायची वेळ झाली."

मुलींनी कामं परत केली. सहाही पडदे रिकामे झाले. खोलीत एकदम शांतता, आणि नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई दारात आल्या. त्यांनी रिकामे पडदे पाहिले, हात मांडीवर ठेवून बसलेल्या मुली पाहिल्या. "बंद पडली का?"

पुढच्या बाकावरच्या मुलीनं मान मागं न वळवता उत्तर दिलं, "नाही मोठ्या बाई, झाडून घेतेय ती."

मोठ्या बाई पुढं वाकल्या. पडद्यावर वाक्य आलं होतं. त्यांनी ते वाचलं. मग एका मशीनवर घुंगरं भरली, मग दुसऱ्यावर, मग सगळ्यांवर, आणि मुलींनी कोणी न सांगता पुन्हा हात उचलले. मोठ्या बाई खोलीत बराच वेळ उभ्या राहिल्या. जाताना स्वतः बसून त्यांनी आपलं नाव लिहिलं. त्यात ज्ञ होता. दिवसभरात आक्कानं आणखी दोनदा टाळी वाजवली, आणि शाळा सुटेपर्यंत एकही मशीन थिजलं नाही.

सगळं आवरल्यावर मोठ्या बाईंनी आम्हाला व्हरांड्यात थांबवलं. "भंगारात देत नाही," त्या म्हणाल्या. "पण खोली मला लागणारच आहे. नवीन वर्ग बसवायचा आहे. ही मशीनं एकेक करून वर्गांत ठेवा. पाचवीपासून. शिक्षकांना तुम्ही शिकवा."

त्या गेल्या. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं तिनं ती खोली पुसली होती. मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, तर आक्का शेजारी नव्हती. पाचवीच्या वर्गाचं दार उघडं होतं. आत ती नव्या साडीसकट शेवटच्या बाकाखाली वाकली होती आणि भिंत चाचपत होती.

"वर्गात खडू लई उडतो," तिथनंच ती म्हणाली. "कापडाचं झाकण शिवाया लागंल. आनि टेपरेकॉर्डर सहा कुठनं आणायचं? एकच वर्गावर्गात फिरवायचा म्हटलं तर कारभाऱ्याला त्ये सांगाय लागंल, कुठल्या वर्गाची पाळी त्ये. पुढच्या रविवारी लवकर ये."

मग तिला भिंतीतला प्लग सापडला. ती बाकाखालून बाहेर आली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "हितं बसतंय बघ."